लांबच्या प्रवासात गप्पांची भूक: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ मी एकटी फिरत होते. केरळ, तंजावर, कोलकाता, मग थायलंड आणि लाओस, परत येऊन धरमशाला, शेवटी जॉर्जिया. मध्येच एकदा मी लिहिलं होतं की समुद्र मिळतोय, डोंगर मिळतायत, जेवण मस्त आहे, फक्त बोलायला मिळत नाहीये आणि डोकं उपाशी आहे. त्यावर इतक्या जणांनी मेसेज केले की शेवटी सगळे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं लिहितेय.

ताई, नक्की काय मिस केलंस? माणसं तर सगळीकडे असतात की.

असतात, आणि बहुतेक चांगलीच असतात. मी मिस केलं ते कालचं बोलणं आज पुढे नेणारं माणूस. मी मूळची सांगलीची, पुण्यात अकरा वर्षं कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवलं, आणि गेली सात-आठ वर्षं दर गुरुवारी रात्री आम्ही पाच जण एका मैत्रिणीच्या घरी जमतो, चहा, चिवडा आणि वाद. २०१९ च्या पुरात सांगलीला आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हापासून आमच्यात पाण्यावरून जे सुरू झालंय ते अजून संपलेलं नाही, ऊस, धरणं, अलमट्टी, वरच्याचा हक्क किती आणि खालच्याचा किती. त्यात एक जण हमखास म्हणतो, "अगं पण मागच्या महिन्यात तू बरोबर उलटं म्हणाली होतीस." हे वाक्य ऐकलं की मी चिडते, मग विचार करते, मग कधीकधी माझं मत बदलतं. प्रवासात कित्येक आठवडे मला असं कुणी म्हटलंच नाही, कारण मागच्या महिन्यात मी काय म्हणाले होते ते ऐकायला तिथे कुणी नव्हतंच ना.

पुण्याची सवयही असेल. इथे वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला सुरू केली, ती अजून चालू आहे. मला भाषणापेक्षा भाषण संपल्यावर पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावून, हेल्मेट हातात धरून अर्धा तास भांडत उभी राहणारी माणसं जास्त आवडतात.

हॉस्टेलात जगभरचे लोक भेटतात, त्यांच्याशी बोलणं होत नाही?

होतं, रोज होतं, आणि रोज तेच होतं. कुठली, कुठून आलीस, पुढे कुठे, किती दिवस, आणि पाचवा प्रश्न म्हणजे तिकडची बस कितीला पडली. लाओसमधल्या लुआंग प्राबांगच्या हॉस्टेलात मी नऊ दिवस होते आणि नऊही संध्याकाळी टेबलावर नवीन चेहरे, नवीन चेहरे म्हणजे परत पहिल्यापासून. यात त्यांची काही चूक नाही, माझीही नाही. सकाळी सातची मिनीव्हॅन आहे हे दोघांना माहीत असतं, मग दोन तासांत न संपणारा विषय कोण काढणार?

कधीकधी बरोबर उलटं होतं. रात्री अकराला एखादी मुलगी आपला अख्खा घटस्फोट सांगते, रडते, मिठी मारते आणि सकाळी निघून जाते. मी ऐकलं, मला वाईटही वाटलं, पण त्याला मी गप्पा म्हणणार नाही. मन मोकळं करायला अनोळखी माणूसच बरा पडतो. वाद घालायला मात्र ओळखीचा लागतो, निदान उद्या परत भेटणारा तरी.

किती दिवसांनी जाणवायला लागतं?

पंधरा दिवसांची ट्रिप असेल तर याचा विचारच करू नका, खुशाल फिरा. मला साधारण तिसऱ्या महिन्यात जाणवलं. खूण सांगते. डायरीत आधी पानंच्या पानं असायची, मग हळूहळू फक्त बसचं भाडं, काय खाल्लं आणि पाऊस आला की नाही एवढंच उरलं. देवळं बघून 'छान' याच्या पुढे काही सुचेना. आणि दुकानात सुट्टे पैसे घेताना मी त्या बाईशी उगाच लांबण लावून बोलायला लागले.

म्हणजे एकटेपणच ना? की डिप्रेशन?

माझ्यापुरतं सांगते. मला झोप नीट लागत होती, भूक होती, फिरायची हौस होती, फक्त डोक्याला काम नव्हतं. तुमची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, उठावंसंच वाटत नसेल तर ते वेगळं आहे आणि त्यावर व्याख्यान किंवा बुद्धिबळ हे औषध नाही, डॉक्टरशी बोला. भारतात असाल तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मग बोलायला मिळतं तरी कुठे? ठिकाणं सांग.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

केरळपासून सुरू करते. तिथे गावागावात वायनशाला म्हणजे वाचनालय असतं. पी. एन. पणिक्कर नावाच्या शिक्षकांनी १९४५ ला ४७ वाचनालयं एकत्र आणून संघ उभा केला, १९ जून हा त्यांचा स्मृतिदिन, तो तिकडे वाचनदिन म्हणून पाळतात. मी कोट्टयमजवळच्या एका गावात तीन आठवडे राहिले. संध्याकाळी पाचनंतर वायनशालेत पेपर, कॅरम आणि रिटायर्ड मंडळी. पहिल्या दिवशी मला पाहुणी म्हणून चहा दिला. चौथ्या दिवशी एका निवृत्त मास्तरांनी मुल्लपेरियार धरणाचा विषय काढला, मी काहीतरी मोघम बोलले, तर ते म्हणाले उद्या येणार ना, मग आकडे घेऊन या. त्या रात्री मी खोलीवर बसून दोन वाजेपर्यंत वाचत होते, आणि कित्येक दिवसांनी मला खूप बरं वाटलं.

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊस. आपल्याकडे 'अड्डा' म्हटलं की दारूचा किंवा जुगाराचा आठवतो, बंगालीत अड्डा म्हणजे मनसोक्त गप्पांची बैठक, आणि लोक ती अभिमानाने करतात. भिंतीवर रवींद्रनाथांचा मोठा फोटो, वर उंच छत, प्रचंड गोंगाट, बिनदुधाच्या कॉफीला तिथे इन्फ्यूजन म्हणतात. पण खरं सांगू का, तिथे एकटं जाऊन लगेच कुणी टेबलावर बोलावत नाही. मी आधी खाली रस्त्यावरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सलग चार दिवस गेले, दुकानदाराने दुष्काळावरची पुस्तकं काढून दिली आणि पाचव्या दिवशी तोच मला त्याच्या मित्रांच्या टेबलावर घेऊन गेला.

थायलंडला चिआंग माईमध्ये वाट चेदी लुआंग नावाचं देऊळ आहे, १५४५ च्या भूकंपात त्याचा मोठा स्तूप वरून ढासळला तो अजून तसाच उभा आहे, आणि त्याच आवारात झाडाखाली टेबलं मांडून 'मंक चॅट' चालतो. तरुण भिक्खू बसलेले असतात, त्यांना इंग्रजीचा सराव हवा असतो, तुम्हाला जे विचारायचं ते विचारा. बहुतेक टुरिस्ट वीस मिनिटं बसून फोटो काढून जातात. मी लागोपाठ तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी धर्म, ध्यान वगैरे ठरलेलं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने सांगितलं की घरची गरिबी होती, शिक्षण मिळेल म्हणून तो बारा वर्षांचा असताना देवळात आला, आणि आता चीवर सोडून नोकरी करावी की नाही याचा विचार करतोय. मग आम्ही दोन तास शिक्षण कुणाला कशाच्या बदल्यात मिळतं यावर बोलत होतो. बायकांनी एवढं लक्षात ठेवा की भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, थेट त्यांच्या हातात काही द्यायचं नाही.

लुआंग प्राबांगमध्ये बिग ब्रदर माऊस म्हणून संस्था आहे, मुलांसाठी लाओ भाषेत पुस्तकं काढते, आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिथे विद्यार्थी प्रवाशांशी इंग्रजी बोलायला येतात. हॉस्टेलातल्या त्या नऊ दिवसांत मी तगले ती या जागेमुळे.

आणि धरमशाला. मी तिथल्या धरमकोट या गावात सात आठवडे होते. तिबेटी ग्रंथालय, १९७० ला स्थापन झालेलं, मॅक्लॉडगंजहून खाली उतरताना लागतं, तिथे बौद्ध तत्त्वज्ञानाचे आणि तिबेटी भाषेचे वर्ग असतात. रोज तेच वीस-पंचवीस लोक, तीच चटई, काल जिथे थांबलं तिथून पुढे. तुषिता नावाच्या बौद्ध ध्यानकेंद्रातल्या कोर्समध्ये दिवसभर मौन असतं आणि मग ठरलेल्या वेळी गटचर्चा, त्यामुळे माणूस दिवसभर मनात साठवून नेमकं तेवढंच बोलतो. आपल्या इगतपुरीच्या विपश्यनेत दहा दिवसांत चर्चाच नाही, तेव्हा त्या अपेक्षेने तिकडे जाऊ नका, ती वेगळी गोष्ट आहे. पण मला सगळ्यात आवडला तो भिक्खूंचा वाद. एक बसलेला, एक उभा, उभा असलेला प्रश्न टाकतो आणि पाय आपटून जोरात टाळी वाजवतो, बसलेल्याने उत्तर द्यायचं. मला एक अक्षर कळत नव्हतं तरी मी कठड्यावर बसून तासतास बघायचे, गुरुवारची आठवण यायची.

भाषा येत नसेल तर डीप बोलणं कसं होणार?

मध्ये काहीतरी वस्तू हवी. पट, स्वयंपाक, शेत, काहीही. जॉर्जियात बाटुमीला मी ऑगस्टमध्ये पोचले. जुलैच्या शेवटी तिथेच नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला होता, वय फक्त १९. जॉर्जियात बायकांच्या बुद्धिबळाला फार मान आहे, नोना गाप्रिंदाश्विली १९६२ ते १९७८ जगज्जेती होती. बागेतल्या बाकावर पट मांडून बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "इंडिया?" मी हो म्हटलं. ते म्हणाले "दिव्या!" आणि सोंगट्या मांडायला लागले. मी लहानपणी बाबांबरोबर खेळायचे तेवढंच. आम्ही आठ दिवस रोज खेळलो, मी रोज हरले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जॉर्जियन नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आदल्या दिवशीचा डाव पटावर परत मांडला, माझ्या चुकीच्या चालीपर्यंत आणला, आणि बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मला अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. कालचं कुणीतरी लक्षात ठेवलं होतं.

तिथलीच दुसरी गोष्ट म्हणजे सुप्रा, त्यांची मेजवानी. त्यात एक तमादा असतो, तो टोस्टचा विषय देतो, शांतता, गेलेली माणसं, आईवडील, पाहुणे, आणि मग टेबलावरचे बाकीचे त्याच विषयात आपापली भर घालतात. मी दारू घेत नाही, डाळिंबाचा रस घेऊन बसले, कुणी काही म्हटलं नाही. घरमालकिणीची मुलगी मला इंग्रजीत सांगत होती. गेलेल्या माणसांच्या टोस्टला मी आजीबद्दल बोलले, मराठीतच बोलले, शेवटी त्या मुलीला अर्थ सांगितला. विषय ठरवून देणारा कुणीतरी असला की लाजरी माणसंही बोलतात हे मला तिथे कळलं.

तू म्हणतेस 'एक प्रश्न घेऊन फिरा', ते काय?

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, केरळच्या मास्तरांमुळे आपोआप झालं. पाणी कुणाचं, एवढाच प्रश्न मी बरोबर नेला. मुल्लपेरियार धरण आहे केरळात, चालवतं तमिळनाडू, करार १८८६ चा, मुदत ९९९ वर्षं. कोट्टयमला लोक म्हणत होते धरण जुनं झालंय, आम्ही खाली राहतो, आम्हाला भीती वाटते. आठवड्यानंतर मदुराईच्या बसमध्ये शेजारी एक शेतकरी बाई होत्या, त्यांच्या मुलीने भाषांतर केलं, त्या म्हणाल्या ते पाणी आलं नाही तर आमचं भात नाही. तंजावरला कावेरी. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूला ४०४.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी ठरवून दिलं, तो आकडा मला तिथे चहावाल्याने तोंडपाठ सांगितला. लाओसमध्ये मेकाँगवर शायाबुरी धरण, १,२८५ मेगावॉट, २०१९ पासून चालू, वीज बहुतेक सगळी थायलंडला जाते. त्या इंग्रजीच्या सरावाला आलेला एक मुलगा नदीकाठच्या गावचा होता, तो म्हणाला नदी आता पूर्वीसारखी वाहत नाही, आणि वही काढून मला त्याच्या गावचा नकाशा काढून दाखवला.

आणि जॉर्जियात एंगुरी धरण. २७१.५ मीटर उंच कमान, डोंगरातल्या मेस्तिया गावाला जाताना त्या रस्त्यावर आहे. धरण जॉर्जियाच्या ताब्यात, वीजघर जॉर्जियातून फुटून निघालेल्या अबखाझियात, दोघांत १९९२-९३ ला युद्ध झालं, अजून सलोखा नाही, आणि तरी वीज वाटून घ्यावीच लागते कारण एकाशिवाय दुसऱ्याचं चालत नाही. मी त्या कठड्याला टेकून तिथूनच मैत्रिणीला चौदा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली.

प्रश्न बरोबर असला की तुम्ही प्रत्येक गावात पहिल्यापासून सुरू करत नाही. समोरचा नवीन असतो पण तुमचं बोलणं जुनं, पिकत आलेलं असतं, आणि लोकांना ते लगेच कळतं. पाणीच हवं असं नाही. माझी एक विद्यार्थिनी नुकतीच निघाली, तिचा विषय भाकरी-रोटी-पाव, कोण कशाचं पीठ मळतं. उत्तम विषय आहे.

घरच्या मित्रांशी फोनवर बोलून भागत नाही का?

काही प्रमाणात भागतं. लाओस आपल्या दीड तास पुढे, जॉर्जिया दीड तास मागे, म्हणजे गुरुवारी रात्री नऊला मला कुठूनही जॉइन होता आलं असतं. दोनदा झाले. पाच माणसं एकदम बोलतायत, चिवड्याचा आवाज येतोय, मला अर्धं ऐकू येत नाही आणि शेवटी सगळे विचारतात "तू बोल, कशी आहेस", की संपलं. तिसऱ्यांदा मी कॉल केला नाही. त्याऐवजी एकाच मैत्रिणीबरोबर व्हॉइस नोट सुरू केल्या, दहा-पंधरा मिनिटांच्या, नियम एकच, आधी आलेल्या नोटमधल्या एका मुद्द्याला उत्तर द्यायचं आणि मगच आपलं सांगायचं. उत्तर आठवड्यात आलं तरी चालेल. ती भांडायची, चुका काढायची. फार आधार झाला त्याचा.

पुस्तकं, पॉडकास्ट?

पुस्तकं हो. पण एकटीने वाचलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही, म्हणून आम्ही दोघींनी एकच पुस्तक आठवड्याला तीस पानं असं वाचलं. निघताना एक दिवाळी अंक नेला होता, वजनाला जड, पण केरळ ते कोलकाता पुरला. पॉडकास्टने मला उलट त्रास झाला, दोन माणसं मस्त बोलतायत आणि आपल्याला मध्ये बोलता येत नाही.

मराठी माणसं शोधावीत का?

मुद्दाम शोधू नका, भेटली तर सोडू नका. तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात १८०३ चा भलामोठा मराठी शिलालेख आहे, भोसल्यांचा इतिहास, सरफोजीराजांनी कोरून घेतलेला. तो वाचत उभी होते तर मागून एका काकांनी विचारलं, "तुम्ही पुण्याकडच्या का?" त्यांची मराठी तिथल्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या बोललेली, मधेमधे तमिळ शब्द, चाल वेगळी. त्यांनी मला सरस्वती महाल ग्रंथालयात नेलं, तिथे मराठी हस्तलिखितांचाच मोठा संग्रह आहे. तीन दुपारी आम्ही भाषा घरात कशी टिकते यावर बोललो. माझ्या तोंडून ऐकलेले काही शब्द त्यांना नवे होते आणि त्यांचे काही मला.

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, मेडिकलला आलेली लातूर-नांदेडची मुलं भेटली, मी पिठलं-भात केला, त्यांनी फी, नीट परीक्षा आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज यांचा सगळा हिशोब मांडला. अकरा वर्षं इकॉनॉमिक्स शिकवताना मला इतका प्रामाणिक हिशोब कुणी सांगितला नव्हता.

नर्मदा परिक्रमेतही असं होतं का?

मी केलेली नाही, माझ्या मावशीने पायी केली, साधारण २,६०० किलोमीटर, पाच महिने लागले. तिला हा त्रास अजिबात झाला नाही. ती म्हणते सगळे एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने चालतात, आज आश्रमात 'नर्मदे हर' म्हणून भेटलेली माणसं तीन दिवसांनी पुढच्या मुक्कामी परत भेटतात आणि बोलणं पुढे सुरू होतं. मला वाटतं यातच सगळं आलं. बॅकपॅकिंगमध्ये आपण दहा दिशांना पांगतो.

एकट्या बाईने असं अनोळखी लोकांत बसणं सेफ आहे का?

वाचनालय, वर्ग, देवळाचं आवार, बाग, दिवसा. मी एवढंच पाळलं. 'माझ्या घरी चला, तिथे निवांत बोलू' याला पहिल्या भेटीत नेहमी नाही म्हटलं, घरात बायका आहेत हे दिसल्यावर कधीकधी हो म्हटलं. कुठे राहते ते सांगत नव्हते. दोनदा बोलणं भलतीकडे जातंय असं वाटलं तर सरळ उठले, कारण दिलं नाही.

एकाच ठिकाणी इतके दिवस राहून बाकीचं बघायचं राहिलं नाही का?

राहिलं ना, बरंच राहिलं. मुन्नार नाही पाहिलं, कोट्टयमपासून इतकं जवळ असून. लाओसमधलं व्हांग व्हिएंग सोडलं. हिमाचलात असून स्पितीला गेले नाही, ती पुढे कधीतरी होईल असं वाटतं. पण कझबेगीचं मला अजून वाईट वाटतं. तिबिलिसीहून तीन-चार तासांचा रस्ता, डोंगरावरचं ते चर्च, शेवटच्या आठवड्यात जायचं ठरलं होतं, व्हॅनमधली जागाही सांगून ठेवली होती, आणि त्याच दिवशी मेडिकलच्या त्या मुलांपैकी एकाचा फोन आला की मॅडम, तुम्ही त्या दिवशी कर्जाबद्दल म्हणालात ते मला पटलं नाही, संध्याकाळी येऊ का.